पाणवठ्यापासून दूर

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, म्हणजे आउटबॅकमध्ये, मुक्कामाचा एक शिरस्ता आहे. तंबू पाण्याच्या काठी ठोकायचा नाही. दिवसभर लाल मातीतून चालून आलेल्या माणसाला डोह दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. काठावर पांढुरक्या खोडांचे रिव्हर रेड गम, त्यांची सावली, पाण्यावरून येणारा गारवा. तरीही भांडी भरून घ्यायची आणि निदान दोन-तीनशे पावलं मागे सरून पथारी टाकायची. त्यात स्वतःच्या जिवाची काळजी आहेच. हा गमवृक्ष वारा पडलेला असतानाही अख्खी फांदी खाली टाकतो, आणि डोक्यावर निरभ्र आभाळ असताना दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या पात्रात येऊन थडकतं. पण मुख्य कारण वेगळं आहे. आसपासच्या कित्येक मैलांत तेवढंच पाणी असू शकतं. माणूस काठावर झोपला तर जनावरं अंधारात ताटकळत राहतात आणि कित्येकदा तहानलेलीच परततात.

वन्यजीव पाहण्याची जवळजवळ सगळी विद्या या एका शिरस्त्यात आहे, असं मला वाटतं. ज्याची सगळ्यांना गरज आहे त्यापासून आपण बाजूला व्हायचं. मग बघायला काय मिळतं, ते पहाटे कळतं. पहिल्या उजेडात झेब्रा फिंचचे थवे येतात. सुक्या बियांवर जगणाऱ्या या चिमुकल्या पक्ष्याला वरचेवर पाण्यावर यावं लागतं, म्हणून तो दिसला की पाणी जवळ आहे असं खुशाल समजावं. मग बजरिगर. आपल्याकडे पेठेत ‘लव्हबर्ड’ म्हणून पिंजऱ्यात विकला जातो तोच हा पोपट, आणि त्याचं खरं घर हे. चांगल्या पावसानंतरच्या वर्षी त्यांचे हजारोंचे थवे एकदम वळतात आणि क्षणभर हवाच हिरवी होते. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला तो पिंजरा पुन्हा सहन होणार नाही. ऊन चढलं की सगळं सामसूम होतं. दुपारी फिरणारा पर्यटक ‘इथे काहीच नाही’ असं म्हणत परततो तो यामुळेच.

‘इथे काहीच नाही’ या समजुतीने माणसांचे जीव घेतले आहेत. त्यातली सगळ्यांत बोलकी कथा कूपर क्रीकच्या काठची आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी रॉबर्ट ओ’हारा बर्क याची मोहीम खंड दक्षिणोत्तर पार करण्यासाठी मेलबर्नहून निघाली. तिच्यासाठी जॉर्ज लँडेल्सने हिंदुस्थानातून २४ उंट नेले होते. ते कराचीहून जहाजात चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर त्यांना सांभाळणारी माणसंही गेली. कूपर क्रीकवर तळ मागे ठेवून बर्क, विल्स, ग्रे आणि किंग हे चौघे उत्तरेच्या आखातापर्यंत पोहोचले. परतीच्या वाटेवर ग्रे गेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर क्रीकच्या तळावर आले, तर तळावरची तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. जाताना त्यांनी थोडी शिधासामग्री पुरून एका कूलाबा झाडाच्या बुंध्यावर ‘खणा’ असं कोरून ठेवलं होतं. ते झाड अजून उभं आहे.

या कथेतली काही तासांची चुकामूक सगळ्यांना ठाऊक असते. मला तिच्यानंतरचे दोन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. ती माणसं तहानेने मेली नाहीत. पाणी समोर होतं, त्यात मासे होते, आणि त्याच काठावर यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांनी या पाहुण्यांना मासे दिले, नार्डू दिलं. नार्डू हे पाणथळीत उगवणारं नेचं. त्याच्या टणक बीजाणुकोषांचं पीठ करतात. पण कच्च्या नार्डूत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. यांद्रुवांधा बायका ते भाजून, भरपूर पाण्यात वाटून खाण्याजोगं करत. गोऱ्यांनी ते नुसतं दळून खाल्लं. पोटभर खाऊनही अंगातलं बळ चाललं आहे, असं विल्सने रोजनिशीत लिहून ठेवलं. त्यांचा मृत्यू बऱ्याच अंशी यामुळे झाला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. शिकवायला माणसं शेजारीच होती, पण बर्कने त्यांना धाक घालण्यासाठी बंदूक झाडली आणि ती लांब गेली. बर्क आणि विल्स १८६१ च्या हिवाळ्यात मेले. जॉन किंग, जो आधी हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेत शिपाई होता, यांद्रुवांधांच्या वस्तीत जाऊन राहिला. सप्टेंबरात शोधपथकाला तो जिवंत सापडला. तिघांपैकी जो त्या लोकांच्या आश्रयाला गेला तो वाचला, आणि या घटनेतलं मला सगळ्यांत विचार करण्याजोगं वाटतं ते हेच.

तिथल्या जीवसृष्टीकडे पाहिलं तर मुलखाशी जुळवून घेण्याची हीच रीत दिसते. कूपर क्रीक जिथे संपते त्या कटी थांडा–लेक आयर सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे आणि बहुतेक काळ तिथे मिठाचा थर पसरलेला असतो. पाऊस वर्षाला सरासरी १२५ मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरी तिथे फसवी असते. वर्षं कोरडी जातात आणि मग एका आठवड्यात सगळं पाणी येतं. म्हणून प्राण्यांनी ऋतूंचा हिशेब सोडून दिला आहे. पाणी साठवणारा बेडूक अंगावरच्या कातडीचा कोष करून जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतो. तांबड्या कांगारूच्या मादीचं एक पिल्लू पिशवीत असेल, तर दुसरा गर्भ पोटात वाढ रोखून वाट पाहतो. ढालीसारखं कवच असलेल्या गोड्या पाण्यातल्या कोळंब्यांची अंडी मातीत वर्षं काढतात आणि पाऊस झाला की काही दिवसांत डबकी भरून जातात. उलुरू या प्रचंड खडकाच्या माथ्यावरच्या खळग्यांतही त्या निघतात. काटेरी सरड्याच्या कातडीवर बारीक खाचा असतात. ओल्या वाळूत पाय ठेवला की पाणी त्या खाचांतून वर चढत थेट तोंडाशी जातं. आणि सरोवर भरलं की शेकडो मैलांवरच्या किनाऱ्यावरून पेलिकन येऊन धडकतात. त्यांना ते कसं कळतं, हे पक्षिशास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही.

अशा मुलखात माणसाने पाणी सगळीकडे केलं तर काय होतं, हेही तिथे पाहायला मिळतं. खंडाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा भूजलसाठा आहे. १८७८ मध्ये त्यात पहिली विहीर खणली गेली आणि पुढे हजारो झाल्या. त्यांच्या आधाराने मेंढ्या आणि गुरं पूर्वी कोणी न पोहोचलेल्या गवतापर्यंत गेली. पाठोपाठ ससे, कोल्हे, मांजरं. पाण्याच्या दुर्भिक्षाने जपलेले लहान सस्तन प्राणी त्यात चिरडले गेले. गोऱ्या वसाहतीनंतर ऑस्ट्रेलियाने सस्तन प्राण्यांच्या ३० हून अधिक जाती गमावल्या. आपण दुष्काळी भागाला पाणी देणं हे पुण्य मानतो, आणि माणसाच्या तहानेपुरतं ते आहेच. पण जमिनीचा कोरडेपणा हीदेखील एक व्यवस्था असते, हे ध्यानात यायला मला तिथलंच उदाहरण लागलं.

उरलेलं जे आहे ते दिसतं क्वचित. बहुधा वाचावं लागतं. आदिवासी रेंजर दोन हेक्टरचा तुकडा ठरवून त्यातली वाळू पायांखाली वाचतात. बिल्बी हा लहान सस्तन प्राणी कुठे उकरत होता, घोरपड केव्हा गेली, मांजर तिच्या मागे होतं का. रात्री वावरणाऱ्या नाइट पॅरटचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. १९१२ नंतर हा पोपट संपला असं जवळजवळ सगळ्यांनी धरलं होतं. १९९० मध्ये क्वीन्सलँडात रस्त्याकडेला एक मेलेला सापडला. २०१३ मध्ये पहिल्यांदा जिवंत पक्ष्याचं छायाचित्र निघालं. पुढे ग्रेट सँडी वाळवंटात नगुरुर्पा रेंजरांनी आवाज टिपणारी यंत्रं जुन्या, दाट स्पिनिफेक्स गवतात लावली आणि त्यांच्या भूमीवर सुमारे ५० पक्षी असावेत असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी जवळपास कोणीच पाहिलं नाही, ऐकून ओळखलं. कुठलं गवत राखायचं आणि कुठलं जाळायचं हे त्या लोकांना पूर्वापार ठाऊक होतं, म्हणूनही पक्षी टिकला असावा.

त्याच मुलखात एक मोठा, ऐटबाज, मान वर धरून चालणारा पक्षी दिसतो तेव्हा महाराष्ट्रातल्या माणसाचं काळीज हलावं. तो ऑस्ट्रेलियन बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद, एकाच वंशातला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आज माळढोक तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. सगळ्या भारतात त्याची संख्या दीडशेच्या आसपास सांगतात. त्याचं माळरान आपल्या सरकारी कागदांत ‘पडीक’ होतं. कूपर क्रीकवर बर्कने केलेली चूक आपण आपल्याच अंगणात, अधिक संथपणे केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेलबर्न, सिडनी, पर्थला आता पुष्कळ मराठी घरांतली मुलं राहतात. त्यांच्याकडे जाल तेव्हा ऑपेरा हाउस पाहून झाल्यावर एक आठवडा आतल्या मुलखासाठी ठेवा. मे ते सप्टेंबर हे थंडीचे महिने चांगले. उन्हाळ्यात जाऊ नका. वाळूवर स्वॅग, म्हणजे गुंडाळून नेता येणारं कॅनव्हासचं अंथरूण, पसरून उघड्या आभाळाखाली निजा. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. रात्री गाडी हाकू नका, त्या वेळी कांगारू रस्त्यावर असतात. आदिवासी रेंजर स्वतः फिरवून आणतात तिथे त्यांच्याबरोबरच जा, आणि त्यांना विचारा. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जमिनीतून जायला परवाना लागतो. घरबसल्या अर्ज करता येतो, तो निघण्याआधी करा.