प्रेमगीत आणि प्रत्युत्तर

दुसऱ्याने रचलेले प्रेमगीत आपण जेव्हा गातो, तेव्हा आपण खरे बोलत असतो काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. आमच्या झाडीपट्टीत भाताची कापणी आटोपली की मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. वडशाहून आलेल्या मंडळीतील नट पहाटेच्या थंडीत विरहाचे पद म्हणतो, आणि त्याला कोणी लबाड म्हणत नाही. तो सोंग आणीत आहे हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु स्वयंपाकघरात एकटीच जुने गीत गुणगुणणारी गृहिणी, किंवा रेल्वेच्या खिडकीशी बसून मनातल्या मनात तेच गीत आळवणारा तरुण, सोंग आणीत नसतो. त्यांच्या अंतःकरणात कोणी एक विशिष्ट व्यक्ती असते. तोंडी शब्द मात्र अशा माणसाचे असतात, की ज्याने त्या व्यक्तीस कधी पाहिलेही नाही. जी भावना आपण सर्वांत अधिक स्वतःची समजतो, तिलाच उसने वस्त्र का लागावे? आणि ही उसनवारी निर्दोष आहे काय?

या प्रश्नाचा विचार करिताना एका फ्रेंच गीताचा इतिहास फार उपयोगी पडतो. 'प्लेझीर दामूर', म्हणजे प्रेमाचे सुख, हे ते गीत होय. त्याचे शब्द फ्लोरियाँ या लेखकाचे. 'सेलेस्तीन' नावाच्या आपल्या कथेत त्याने ते घातले. त्यास चाल दिली मार्तिनी याने, १७८४ साली. मार्तिनी हे नाव इटालियन वाटले तरी मनुष्य बव्हेरियात जन्मलेला जर्मन होता. हे नाव त्याने पुढे धारण केले होते. गीत 'शेळ्या राखणाऱ्याचे गीत' म्हणूनही ओळखले जाते. म्हणजे पाहा, शब्द एकाचे, सूर दुसऱ्याचे, त्या दुसऱ्याचे नावही घेतलेले, आणि दुःख घातले आहे ते एका कल्पित गुराख्याच्या तोंडी! अस्सलपणाची कसोटी लावू म्हटले, तर या गीतात आरंभापासूनच अस्सल असे काही हाती लागत नाही.

गीताचा आशय साधा आहे. प्रेमाचे सुख क्षणाचे असते आणि त्याचे दुःख जन्मभर पुरते, अशी गाणाऱ्याची तक्रार आहे. ओढ्याचे पाणी वाहत राहील तोवर मी तुझी, असे म्हणणारी सोडून गेली आणि पाणी मात्र अद्याप वाहत आहे. प्रेम टिकत नाही असे सांगणारे हे गीत स्वतः मात्र सुमारे २४० वर्षे टिकले. फ्लोरियाँ राज्यक्रांतीच्या धामधुमीत तुरुंगात पडला व सुटकेनंतर लवकरच, १७९४ साली, वारला. गीतास त्याचे काही सोयरसुतक नव्हते. १८५९ साली बेर्लिओझसारख्या थोर संगीतकाराने त्यास वाद्यवृंदाचा साज चढविला. १९६१ साली तर मौजच झाली. 'ब्लू हवाई' या अमेरिकन चित्रपटात एल्व्हिस प्रेस्ली याने याच चालीच्या आधारे बांधलेले इंग्रजी गीत गायिले, आणि त्यातील भाव जवळजवळ उलटा, म्हणजे प्रेमात पडल्यावाचून गत्यंतर नाही, असा आहे. ज्या सुरांनी प्रेमाची निर्भर्त्सना केली, त्याच सुरांवर पुढे पाश्चात्य देशांत नवपरिणित जोडपी नाचू लागली.

यावरून कोणी म्हणेल की गीतास स्वतःचे सत्य नसतेच. ते रिकामे भांडे आहे, ज्याने त्याने आपले पाणी त्यात भरावे. हे मत सोयीचे आहे, पण पूर्ण खरे नाही. आपल्याकडेही पेशवाईच्या उत्तरकाळी, मार्तिनीच्या चालीच्याच सुमारास, रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या गाजत होत्या. रचणारे पुरुष, आणि कितीतरी लावण्यांतील तळमळ स्त्रीची. त्याही पूर्वी, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या सप्तशतीतील गाथा पाहाव्या. गोदेच्या तीरावरील नायिका तेथे सखीपाशी मन मोकळे करितात. परंतु त्या कोणाच्या लेकीसुना, हे आज कोण सांगू शकेल? उसनवारी जुनी आहे, सार्वत्रिक आहे, आणि एवढ्या लोकांनी एवढी शतके जी केली ती केवळ लबाडी असणे संभवत नाही. माणसाला भावना असते. ती उच्चारण्याचे धैर्य मात्र नसते. 'हे माझे शब्द नव्हेत, गाण्यातले आहेत,' एवढ्या आडोशाने तो बोलू शकतो. गीत त्याला बोलण्याची परवानगी देते. त्याचे चिरंतन आकर्षण माझ्या मते यातच आहे.

पण परवानगीबरोबर काही जबाबदारी येते की नाही? येथे मला गाथांतील त्याच गोदावरीच्या काठाने खाली यावयाचे आहे. सिरोंच्यापाशी प्राणहिता तिला मिळते, आणि तेथून उत्तरेस, जेथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांचा संगम आहे त्या भामरागडपर्यंत, माडिया व गोंड यांची वस्ती आहे. जुना चांदा जिल्हा तो हाच. १९८२ साली त्याचा पूर्वभाग गडचिरोली म्हणून निराळा झाला. या मुलखात लग्नकार्यात आणि पंडुमाच्या, म्हणजे सणाच्या, रात्री 'रेला' गातात. ध्रुपदात घोळणाऱ्या बोलावरून त्याला हे नाव पडले आहे. कमरेत हात गुंफून मुली एका रांगेत, मुलगे दुसऱ्या रांगेत. एक रांग ओळ टाकते, दुसरी ती उचलते किंवा तिला जबाब देते. सर्वच रेला प्रेमाचे नसतात. त्यांत देव येतात, रान येते, पाहुण्यांची थट्टा येते. पण जेथे प्रेम येते, तेथे कोणी कोणास काय म्हणावे याला नात्याची मर्यादा असते, कारण समान देवसंख्येच्या कुळांत गोंडांचा विवाह होत नाही. कर्त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि कोणी ते विचारीतही नाही.

काही वर्षांपूर्वी तिकडील एका लग्नात प्रस्तुत लेखकाने रेला ऐकला आणि सुशिक्षितांच्या सवयीप्रमाणे खिशातील मोबाईल काढून मुद्रित करून घेतला. पुढे मला तेथे नेणारा माडिया विद्यार्थी चंद्रपुरास घरी आला असता तो मी मोठ्या अभिमानाने ऐकविला. मुलींची ओळ संपली आणि आवाज थांबला. पुरेसे झाले असे समजून मी तेथेच यंत्र बंद केले होते. तो मान कलती करून वाट पाहत राहिला. मग हळू आवाजात त्याने स्वतःच पुढची ओळ म्हटली, आणि लाजून हसला.

"मूळ गाण्यात हीच ओळ होती का?" मी विचारले.

"मूळ कसले, काका? जबाब ज्याचा त्याने द्यायचा असतो."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला हे ऐकून समजते. पण जबाब देता येत नाही. शाळेत सगळे मराठीतच ना."

तेव्हापासून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला निराळे दिसू लागले आहे. शब्द उसने आहेत की स्वतःचे, यावर खरेखोटेपण अवलंबून नाही. त्या शब्दांबद्दल आपणांस जाब विचारणारे कोणी समोर आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. रांगेतील मुलगा शेकडो वर्षांची ओळ म्हणतो, तरी ती ऐकणारी समोर उभी असते व तिचा भाऊही जवळच असतो. बोललेले अंगावर येऊ शकते. एकट्याने गुणगुणणे पाप आहे असे मी म्हणत नाही; पुष्कळांना तेवढाच आधार असतो. मात्र जन्मभर गाण्यातून प्रेम करणाऱ्याने ते घरातील माणसास एकदाही ऐकू जाईल असे म्हटले नसेल, तर त्याची उसनवारी फिटली असे म्हणवत नाही.

हाच न्याय आपल्या संग्राहकवृत्तीसही लागू आहे. शामराव हिवाळे आणि व्हेरियर एल्विन यांनी मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहून १९३५ साली त्यांची गीते इंग्रजीत प्रसिद्ध केली. ते काम मोलाचे, आणि त्यांनी ते त्या लोकांत घर करून केले. पण गीत वहीत उतरले म्हणजे वाचले, हा समज खोटा आहे. फ्रेंच गीत छापील स्वरलेखनावर तरले, कारण त्याला ठराविक शब्द आहेत. रेल्याचा अर्धा भाग अजून कोणी म्हटलेलाच नसतो. तो उद्या जबाब देणाऱ्याच्या जिभेवर असतो. ती जीभ गेली तर आपल्या संग्रहात नुसते प्रश्न राहतील. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, तरीही ती भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या हिमतीवर काढली. एका ग्रामसभेला जे सुचले ते आपणां शिकलेल्यांना का सुचू नये, याचा विचार ज्याने त्याने करावा.

माझ्या मोबाईलमधील ती अर्धी ओळ मी अद्याप पुसलेली नाही. गोंडी मला येत नाही. पण त्या विद्यार्थ्याकडून चार शब्द शिकावयास आरंभ केला आहे. या वयात जबाब देण्याइतकी भाषा येईल असे वाटत नाही. निदान आपणांस काहीतरी विचारले गेले आहे, एवढे कळू लागले तरी पुष्कळ झाले.