मालकी आणि वहिवाट

सहल हा तत्त्वचिंतनाचा विषय मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. यात्रेला पुण्य असते, प्रवासाला काम असते, मोहिमेला पराक्रम असतो. सहलीपाशी यांपैकी काहीच नसते, म्हणून ती शाळकरी निबंधासाठी सोडून द्यावी असा समज आहे. आम्हांस मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की, परमुलखात राहणारे एखादे कुटुंब सुट्टीच्या दिवशी मित्रपरिवारासह तेथील डोंगरावर जाते, तेव्हा एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्नही त्याच्याबरोबर डोंगर चढत असतो. ज्या भूमीत आपली पाळेमुळे नाहीत, जिच्यावर आपला कागदोपत्री हक्क नाही, तिला ‘आपली’ म्हणण्याचा अधिकार माणसास कशाने प्राप्त होतो?

कोहिनूर व आसपासच्या गावांतील जुन्या मराठी घराण्यांना हा प्रश्न परका नाही. कोणाचे पूर्वज वतनाच्या निमित्ताने आले, कोणाचे व्यापारासाठी, कोणाचे निजामी राजवटीतील चाकरीसाठी. आणि काही घराणी तर कोठून आलीच नाहीत, सीमारेषाच त्यांच्यापाशी चालत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तत्कालीन बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. शेते व विहिरी जेथल्या तेथे राहिल्या, पण त्याच शेतात उभा असलेला मनुष्य एका रात्रीत परभाषिक ठरला. भूमी आपली की परकी हे ठरवणारी गोष्ट भूमीत नसून अन्यत्र कोठेतरी असते, हा धडा आपल्या वाडवडिलांनी घरबसल्या घेतला.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त तोक्योत राहतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता तीन महिने राहून आलो. त्या महानगराच्या पूर्वेस एदोगावा नावाचा विभाग असून त्यातील निशी-कासाई परिसरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सन २००० च्या उंबरठ्यावर संगणकांतील वर्षगणनेचा प्रश्न उद्भवला, तेव्हा भारतातून अनेक अभियंते तेथे गेले आणि कार्यालयांकडे थेट जाणारी रेल्वे म्हणून त्या भागात राहिले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. तोक्यो मराठी मंडळ गणेशोत्सव साजरा करते. २०१९ साली त्याच एदोगावाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. त्यासाठी त्यांना आधी जपानचे नागरिकत्व घ्यावे लागले होते. बहुसंख्य कुटुंबे मात्र भारताचे नागरिकत्व राखून आहेत. जपानचे नागरिकत्व वंशाने मिळते, जन्मस्थानाने नव्हे. त्यामुळे तोक्योच्या इस्पितळात जन्मलेले मराठी मूलही त्या देशाच्या दप्तरी परदेशीयच असते.

या मंडळींचा सुट्टीचा एक ठरलेला कार्यक्रम म्हणजे ताकाओचा डोंगर. उंची ५९९ मीटर. शिंजुकू स्थानकातून केइओ मार्गाच्या आगगाडीने तासाभरात पायथा गाठता येतो. चार-पाच कुटुंबे मिळून निघतात. पाठपिशव्यांत पोळी-भाजीचे डबे, मुलांसाठी भाताचे ओनिगिरी, एखादीने आठवणीने केलेली शेंगापोळी. वाटेत भेटणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य ‘कोन्निचिवा’ म्हणून अभिवादन करतो. शहरातील रेल्वेत शेजारी बसून चकार शब्द न काढणारी तीच माणसे डोंगरवाटेवर बोलकी होतात. कचरापेट्या सहसा नसतात. आपला कचरा आपण घरी परत न्यायचा, असा रिवाज आहे. माथ्यावर पोहोचल्यावर हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस फुजी दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी शेजारच्या बाकावरील एका वृद्ध जपानी गृहस्थाने आमच्या नातीला एक संत्रे दिले. तिने कमरेत वाकून ते घेतले व डब्यातील शेंगापोळीचा अर्धा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. मग आमच्याकडे वळून ती शुद्ध मराठीत म्हणाली, “आबा, आमचा डोंगर आवडला का तुम्हांला?”

‘आमचा’ या शब्दाने मनात कोठेतरी कळ उठली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मुलीचे नाव तेथील कोणत्याही मालकीच्या कागदावर नाही, तिने हा शब्द कोणत्या आधारावर उच्चारला? आणि तो खरा असेल, तर कोहिनूरचे शिवार तिचे कोण?

एक सोपे उत्तर आम्हांस तेथेच ऐकावयास मिळाले. बरोबरचे एक सद्‌गृहस्थ म्हणाले की, ही भूमी मुळात आपल्यापासून दूर नाहीच. ताकाओवरील याकुओ-इन या प्राचीन मंदिरात अग्नीत समिधा टाकून जो ‘गोमा’ विधी होतो, तो आपला होमच. एनोशिमा बेटावरील बेन्झाइतेन ही आपली सरस्वती, आणि असाकुसाजवळ मात्सुचियामाच्या टेकडीवरील शोतेन म्हणजे आपला गणपती. ही माहिती खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हांस पटत नाही. देव आपला म्हणून डोंगर आपला, हे मालकी सांगण्याचेच एक सोवळे रूप आहे. शिवाय त्या देवांकडे नीट पाहावे. मात्सुचियामाच्या गणपतीला भाविक मुळा वाहतात. शतकानुशतके तेथे राहून त्याने त्या मातीतले अन्न स्वीकारले आहे. त्याच्याकडून शिकावयाचे असेल तर हे शिकावे की, परमुलखात टिकणाऱ्याने नैवेद्याचे ताट यजमानाच्या हाती सोपवावे लागते.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे. सहल ही केवळ मौज आहे. मौज करणाराने हक्काची भाषा बोलू नये. या आक्षेपात तथ्य आहे, पण मौजेचा इतिहास थोडा निराळा आहे. आपल्या कोहिनूरचा तालुका बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या वीस क्रीडा वर्णिल्या आहेत, आणि त्यांत भूधरक्रीडा म्हणजे डोंगरावरची, वनक्रीडा, शाद्वलक्रीडा म्हणजे हिरवळीवरची, वालुकाक्रीडा, ज्योत्स्नाक्रीडा अशी नावे आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात सहलीचे शास्त्र लिहिले गेले; मात्र ते राजासाठी. जपानात डोंगर हे प्रथम तपस्व्यांचे होते, आणि फुजीवर स्त्रियांना १८७२ पर्यंत बंदी होती. पगारदार मनुष्य बायको-मुले व मित्रांसह डोंगरावर जाऊन डबा खातो, हा अधिकार इतिहासात फार उशिरा सर्वांना मिळाला. त्यास क्षुल्लक म्हणवत नाही.

आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. तेथील एक शब्द आम्हांस या प्रश्नावर उपयोगी वाटतो, तो म्हणजे वहिवाट. पहाणीपत्रकात मालकाचा रकाना वेगळा असतो व कसणाऱ्याचा वेगळा. या दोन रकान्यांतील अंतर किती दुखरे असते हे महसूल खात्यात कोणास सांगावे लागत नाही. १ मार्च १९७४ पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणांनी आपल्या राज्यात कसणाऱ्या कुळांना हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा केला, तो याच अंतरावर उपाय म्हणून. परंतु या दोहोंखेरीज एक तिसरा मनुष्य असतो. तो मालक नसतो, कसतही नाही. तो त्या जमिनीवरून जातो. पिढ्यान्‌पिढ्या जात राहिला तर त्याचा जाण्याचा हक्क निर्माण होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने त्यास अटी घातल्या आहेत: वापर उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि वीस वर्षे खंड न पडता झालेला असावा. आणि हक्क मिळाल्यावरही ज्या जमिनीवरून वाट जाते तिच्यावरील भार वाढवता येत नाही.

परमुलखातील मनुष्याचे त्या भूमीशी नाते याच जातीचे असते, असे आमचे मत आहे. ते मालकीचे नव्हे, आणि निव्वळ पाहुणेपणाचेही नव्हे. कायद्याच्या अटी नीतीच्या भाषेत वाचून पाहाव्यात.

उघडपणे, म्हणजे आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात लपून नव्हे. परदेशात मराठी मित्रांसह डोंगरावर जाण्यात मोठे सुख आहे. मुलांच्या कानावर चार तास अखंड मराठी पडते, हा लाभही लहान नाही. पण दहा वर्षे ताकाओ चढून एकाही जपानी मनुष्याशी दोन वाक्ये झाली नाहीत, तर आपण आपले अंगणच उचलून डोंगरावर नेले, डोंगर पाहिलाच नाही. शांततेने, म्हणजे तेथील रीत पाळून. खंड न पडता, म्हणजे चेरीचा बहर आणि पानगळीचे रंग एवढ्यापुरतेच नव्हे, तर गारठ्यात आणि चिखलातही. वृक्षांची व वाटांची नावे तेथील भाषेत तोंडी येईपर्यंत.

भार न वाढवण्याची अट सर्वांत महत्त्वाची. फुजी पर्वताला २०१३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गर्दीने तो त्रासला. २०२४ मध्ये यामानाशी प्रांताच्या बाजूने चढणाऱ्यांस दोन हजार येन शुल्क व दिवसाला चार हजार जणांची मर्यादा घालण्यात आली. २०२५ मध्ये चारही वाटांवर चार हजार येन शुल्क लागू झाले. त्याच २०२४ मध्ये पायथ्याच्या एका गावाने, छायाचित्रांसाठी रस्त्यात झुंबड होते म्हणून, फुजी दिसू नये असा उंच पडदा काही महिने उभारला होता. स्वतःचा पर्वत स्वतःच झाकण्याची वेळ यजमानावर आली. डोंगरावर प्रेम करण्याचा दावा त्या झुंबडीतील प्रत्येकानेच केला असेल. त्या प्रेमाचा भार मात्र गावाने सोसला. याउलट रिकामा डबा आणि संत्र्याची साल पिशवीत घालून घरी नेणारे मूल कायदा न जाणताही ती अट पाळत असते.

एका बाबतीत मात्र नीती कायद्याच्या विरुद्ध जाते. मालकाच्या परवानगीने केलेल्या वापरातून कायद्याने हक्क कधीच पिकत नाही. परवानगी मागितली की तुम्ही उपकृत ठरता. मनाच्या व्यवहारात नेमके उलट घडते. उपकार मानल्याविना कोणतीही भूमी आपलीशी होत नाही. जपानने २०१६ पासून ११ ऑगस्ट हा ‘पर्वतदिन’ म्हणून सुट्टीचा केला आहे, आणि डोंगराशी जवळीक साधून त्याच्या कृपेबद्दल कृतज्ञ राहावे असा त्याचा हेतू कायद्यातच नोंदला आहे. कृतज्ञतेला कायद्यात जागा देण्याचा हा विचार आम्हांस मननीय वाटला.

आता आपल्याकडे पाहू. मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, आपल्या तोंडची येळवस, ही लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंतची सहलच होय. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पांडवांचे दगड, ओल्या दाण्यांची भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत आहे त्याने, ज्याला नाही त्यास बोलवायचे, हा या दिवसाचा अलिखित नियम. कोपीत बसून आंबील पिणाऱ्याची भाषा कानडी की मराठी हे तेथे कोणी विचारीत नाही. सीमाप्रश्नावरील सभा-ठरावांनी माणसांची मने जितकी जवळ आणली असतील, त्याहून या भज्जीने अधिक आणली. मालक तो की जो वाढतो, आणि वाटेकरी तो की जो येऊन जेवतो व पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ताकाओच्या बाकावर संत्रे व शेंगापोळी यांची जी देवघेव झाली, ती याच व्यवहारातील होती. म्हणून नातीचा ‘आमचा’ हा शब्द आम्ही अखेर मान्य केला. तिने डोंगरावर मालकी सांगितली नव्हती, वहिवाट सांगितली होती.

तिच्या त्या शब्दामुळे कोहिनूरचे काही कमी होते काय? वहिवाटीचा गुण असा की, एका वाटेचा हक्क दुसऱ्या वाटेच्या आड येत नाही. भीती निराळीच आहे. वापर थांबला की वहिवाट मोडते. कायद्यानेही मोडते आणि बाभळी उगवून प्रत्यक्षातही. नारायणपूरचे शिवालय, जलसंगवीची शिलालेख कोरणारी सुंदरी, बसवकल्याणचा किल्ला, चिंचोळीचे अभयारण्य ही सारी आपल्या एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. तेथे आपल्या घरांतील किती पावले पडतात, आणि कानडी शेजाऱ्याला बरोबर घेऊन किती पडतात, याचा हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा. पुण्यात, बंगळुरात वा तोक्योत वाढलेली आपली नातवंडे सुट्टीत येतील, तेव्हा त्यांच्यालेखी कोहिनूर हाच परमुलूख असेल. सातबारा किंवा पहाणी त्यांच्या हाती देऊन तो त्यांचा होणार नाही. त्यांना बरोबर घेऊन बांधाबांधाने चालावे लागेल, ओढ्याचे आणि झाडांचे नाव दोन्ही भाषांत सांगावे लागेल, आणि येळवसेला शेजाऱ्याच्या कोपीत बसवावे लागेल. एवढे करण्यासाठी वाट तरी मोकळी असली पाहिजे. ती मोकळी ठेवणे हे आज गावात राहणाऱ्यांचे काम आहे.