समेटाआधीची अट

यादवीत लढणारे दोन्ही पक्ष शांतीचेच नाव घेत असतात. ‘आम्ही बोलायला तयारच आहोत हो, पण आधी त्यांनी अमुक एक करावं,’ असे हाही म्हणतो आणि तोही म्हणतो. त्या ‘आधी’ या एका शब्दात वर्षे निघून जातात आणि माणसे मरत राहतात. म्हणून समेटाच्या बोलण्यापूर्वी कोणती अट घालणे न्यायाचे व कोणती अन्यायाची, हा प्रश्न केवळ राजकारणी मंडळींचा नाही. तो धर्माधर्माचा आहे, असे आम्हांस वाटते. प्रत्यक्ष घडलेले एक उदाहरण समोर ठेवून आपण त्याचा विचार करू.

उत्तर आयर्लंड हा त्या काळी १५-१६ लाख वस्तीचा लहानसा प्रांत. तेथे १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत जी यादवी चालली, तीत सुमारे ३,५०० माणसे मेली. एका बाजूस बहुतेक प्रॉटेस्टंट, त्यांना ब्रिटनच्या राज्यातच राहावयाचे. दुसऱ्या बाजूस बहुतेक कॅथलिक, त्यांना आयर्लंड एक झालेले हवे. नावे पंथांची, पण भांडण मुख्यतः राज्य कोणाचे, याचे. दोहोंकडे गुप्त सशस्त्र संघटना होत्या, आणि मधे ब्रिटिश सैन्य.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी कॅथलिकांकडील आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रे थांबविल्याचे जाहीर केले. दीड महिन्याच्या आत, १३ ऑक्टोबरला, प्रॉटेस्टंट संघटनाही थांबल्या. आता बोलणी सुरू व्हावीत की नाही? परंतु ब्रिटिश सरकार म्हणाले, ही शांतता ‘कायमची’ आहे असे स्पष्ट सांगा. त्या एका शब्दावर घोळ झाला. पुढे मार्च १९९५ मध्ये दुसरी अट आली : बैठकीला बसण्याआधी काही शस्त्रे तरी प्रत्यक्ष टाकून द्या.

ही अट वरवर पाहता किती रास्त! खिशात पिस्तूल ठेवून समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं? प्रॉटेस्टंट समाजाची भीती खोटी नव्हती. त्यांच्या घरची माणसे याच शस्त्रांनी मेली होती. तरीही या अटीत एक दोष होता, तो नीट पाहावा.

समजा, शेताच्या बांधावरून दोन भावांत वैर आहे. धाकटा काठी घेऊन उभा आहे. थोरला म्हणाला, ‘काठी बाजूला ठेव, मग पंचांपुढे बसू,’ तर ते बोलणे न्यायाचे. पण तो म्हणाला, ‘तू चुकलास असं आधी लिहून दे, मग पंचांपुढे बसू,’ तर धाकटा काय म्हणेल? लिहून दिल्यावर पंचांचे काम तरी काय उरले? काठी खाली ठेवणे हे बोलण्याचे दार आहे. चूक कोणाची हा निकाल बोलण्याचे फळ आहे. फळ हाती आल्याशिवाय झाडच लावणार नाही म्हणणाऱ्याला झाडही मिळत नाही व फळही नाही.

आयर्लंडात बंदुका गप्प होणे म्हणजे काठी खाली ठेवणे होते. त्या सोपवून देणे याला मात्र तेथे शरणागतीचा अर्थ आला होता. ही गोष्ट तिघा पंचांनी ओळखली. अमेरिकेचे जॉर्ज मिचेल, कॅनडाचे सेनापती जॉन द शास्तलँ आणि फिनलंडचे हारी होल्केरी यांनी जानेवारी १९९६ मध्ये निवाडा दिला की, बैठकीआधी या संघटना शस्त्रे देणार नाहीत, तेव्हा बोलणी चालू असतानाच तो विचार व्हावा. त्याऐवजी सर्व पक्षांनी सहा वचने द्यावीत. शांततेच्या व लोकशाहीच्या मार्गानेच चालू. सर्व सशस्त्र संघटनांचे पूर्ण निःशस्त्रीकरण मान्य करू. त्याची तपासणी त्रयस्थ मंडळ करील. बोलण्यावर बळाची छाया पडू देणार नाही. जो करार होईल तो पाळू व तो बदलणे झाल्यास शांततेनेच बदलू. वस्त्यांतून ‘शिक्षा’ म्हणून होणारे खून व मारहाण थांबवू. ही वचने सर्वांस सारखी होती, आणि देणाऱ्याची मान खाली जाईल असे त्यांत काही नव्हते.

परंतु सरकारने आधी निवडणुकीचा मार्ग धरला, आणि ९ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या गोदीभागात मोठा स्फोट होऊन दोन माणसे मेली. येथे गल्लत होऊ नये. अट चुकीची होती म्हणून खून बरोबर ठरत नाही. त्या दोन जीवांचे पाप स्फोट करणाऱ्यांच्याच माथी. जुलै १९९७ मध्ये पुन्हा शस्त्रे थांबली. नव्या सरकारने शस्त्रांची पूर्वअट सोडली होती. सप्टेंबरात शिन फेन पक्षाने ती सहा वचने दिली व तो बैठकीत आला. इयन पेस्ली यांचा पक्ष निघून गेला. डेव्हिड ट्रिंबल यांचा पक्ष मात्र बसून राहिला. १९९८ च्या आरंभी पुन्हा खून झाले, तेव्हा त्या त्या संघटनांशी संबंध असलेल्या पक्षांना, दोन्ही बाजूंच्या, काही आठवडे बाहेर राहावे लागले. वचनाला अर्थ होता तो यामुळे. १० एप्रिल १९९८ रोजी करार झाला, आणि मे महिन्यात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी त्यास मान्यता दिली.

कोणी म्हणेल, ‘हे सगळं ठीक, पण ज्यांची माणसं गेली त्यांचं काय? मारेकऱ्यांशी कसलं बोलणं?’ हा प्रश्न सर्वांत जड आहे व तो हसण्यावारी नेण्याचा कोणालाही अधिकार नाही. शांततेने चालणारे कॅथलिक पुढारी जॉन ह्यूम हे शिन फेनच्या गेरी अ‍ॅडम्स यांच्याशी बोलत, म्हणून त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. ऑक्टोबर १९९३ मध्ये ग्रेस्टील गावी गोळीबारात आठ माणसे मारली गेली. त्यांतील एकाच्या अंत्यविधीच्या वेळी मृताच्या मुलीने ह्यूम यांस सांगितले की, आम्ही वडिलांच्या शवपेटीभोवती बसून तुमच्या प्रयत्नास यश यावे म्हणून प्रार्थना केली. ह्यूम तेथेच रडले. प्रत्येक दुःखिताने असेच म्हणावे, अशी सक्ती कोणी करू नये. पण मृतांच्या नावाने बोलणी अडविणाऱ्यांनी एवढे ध्यानी धरावे की, त्या घरांतही ‘आता आणखी कोणाचं जाऊ नये’ असे म्हणणारी माणसे असतात.

सवलतीची किंमतही द्यावी लागली, हे लपवू नये. पुढे ढकललेला शस्त्रांचा प्रश्न सात वर्षे छळत राहिला. नवे सरकार पुन्हा पुन्हा स्थगित झाले. शेवटी सप्टेंबर २००५ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीची शस्त्रे निकामी झाल्याचे जाहीर झाले. साक्षीला त्रयस्थ मंडळासह एक कॅथलिक व एक मेथडिस्ट धर्मगुरू होते. मे २००७ मध्ये बैठकीतून उठून गेलेले तेच पेस्ली शिन फेनच्या मार्टिन मॅकगिनेस यांच्यासह राज्यकारभारास बसले. ढकललेली गोष्ट सोडून दिलेली नव्हती, म्हणूनच ती अखेर पदरात पडली.

यावरून आम्हांस अटीची पारख अशी वाटते. ती दोघांनाही सारखी लागू असावी. समोरच्याला आपली मान न तुकवता ती पुरी करता यावी. ती मोडली की नाही हे तिऱ्हाइताने ठरवावे, आणि मोडणाऱ्यास बाहेर जावे लागले तरी परतण्याची वाट खुली असावी. याहून अधिक जो मागतो, त्याने रात्री एकटे बसून आपल्या मनाला विचारावे : उद्या सकाळी समोरच्याने ही अट खरोखर मान्य केली, तर मला आनंद होईल, की मी लगेच दुसरी अट शोधू लागेन? दुसरे उत्तर आले, तर समेटात अडसर कोणाचा आहे, हे त्याचे त्यालाच कळेल.