नरकासुराची चाल

दिवाळी जवळ आली की आमच्या कुडाळच्या बाजूला पोरांच्या अंगात नरकासुर संचारतो. गोव्यातल्यासारखाच आमच्याकडेही गवत, रद्दी, काठ्या नि जुने कपडे जमवून असुर उभा करायचा, चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो गावभर मिरवायचा आणि पहाटे जाळायचा. मग आंघोळ, तुळशीपुढे अंगठ्याखाली फोडलेले कारीट आणि त्यानंतर नाना तऱ्हेचे पोहे! या सगळ्यात एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. सारी हौस, सारी कारागिरी असुराच्या वाट्याला येते. कृष्णासाठी शेवटच्या घटकेला कुणाचा तरी धाकटा भाऊ पकडून आणतात आणि त्याच्या डोक्यात मोरपीस खोवतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक नरकासुर कॉम्प्युटरच्या पडद्यावर जन्माला आला. तो कुणी जाळला नाही. त्याची चाल मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. ड्रॉइंगच्या परीक्षा आणि कलाशिक्षकाची पदविका एवढ्या शिदोरीवर नोकरी लागली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाकडे नववीच्या मुलांना व्हिडिओ गेममधली चित्रे आणि अ‍ॅनिमेशन शिकवण्याचे काम यावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा! परंतु २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धंद्याच्या वाढीसाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली, वर्तमानपत्रांतून लेख आले आणि आमच्या संस्थेलाही स्फुरण चढले. कॉम्प्युटरच्या बाईंनी प्रोग्रामचे बघायचे, मी चित्रांचे. शनिवारचे दोन तास, आठ कॉम्प्युटर आणि सव्वीस मुले.

पालकांनी नाके मुरडली. “पोरं आधीच मोबाइल सोडत नाहीत, आता शाळाही खेळच शिकवणार काय?” खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. पण खेळ खेळणे आणि खेळ घडवणे यांत जेवण करणे आणि स्वयंपाक करणे यांच्याइतके अंतर आहे. पडद्यावरचे माणूस चार पावले चालावे म्हणून आठ-आठ चित्रे काढताना रोज तासन्‌तास गेम खेळणाऱ्या पोरांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

सुरुवात आम्ही चौकटीच्या वहीवर केली. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मधल्या मारिओला मिशी का, हे मुलांना सांगितले. मोजक्या चौकोनांत तोंड काढता येईना म्हणून नाकाखाली मिशी आली. केस जमेनात म्हणून डोक्यावर टोपी आली. अडचणीतून रूप निघते, हे मुलांना फार आवडले. मग त्यांना पिंगुळीला नेले. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या सांभाळून आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. दिव्यापुढे चामड्याचा एक हात वर गेला, क्षणभर थांबला आणि मग खाली आला. त्या क्षणभराच्या थांबण्यात सारा जीव होता. परत येताना एसटीत मुले तो हात करून बघत होती.

हलणाऱ्या चित्राला वजन असावे लागते. चालणे म्हणजे तरी काय? प्रत्येक पावलाला पडणे आणि पडता पडता सावरणे. हे पुस्तकात वाचून येत नाही, म्हणून मी मुलांना अभ्यास दिला: स्टँडवर जा, बाजारात जा, दहा माणसांची चाल बघा.

इथेच घोटाळा झाला.

आमच्या शाळेच्या फाटकाशी एक म्हातारेबुवा खाजे आणि शेंगदाण्यांची टोपली घेऊन बसतात. तरुणपणी ते माडांवर चढून नारळ पाडीत. एकदा वरून पडले आणि उजवा पाय कायमचा अधू झाला. पाऊल टाकताना आधी खांदा पुढे येतो, मग कमर एक हेलकावा घेते आणि पाय मागून ओढत येतो. वर्गातल्या एका हुशार पोराने मोबाइलवर गुपचूप त्यांचे चित्रण केले, घरी बसून त्यातली एकेक स्थिती उतरवून काढली आणि ती चाल आपल्या खेळातल्या नरकासुराला दिली.

शनिवारी त्याने ते पडद्यावर लावले. काळा, सुळे बाहेर आलेला असुर खांदा उडवीत, पाय ओढीत आला आणि सारा वर्ग हसला. सर्वांनी ओळखले. मीही हसलो. इतके अचूक काम त्या वर्गात तोवर कुणी केले नव्हते. माझ्या हसण्यात निम्मे कौतुकच होते. हसता हसता माझे लक्ष खिडकीबाहेर गेले. फाटकाशी म्हातारेबुवा टोपलीवरच्या माश्या वारीत होते.

पोराला बाजूला घेऊन मी विचारले. तो म्हणाला, “सर, तुम्हीच तर बघायला सांगितलं होतं.”

याला काय उत्तर द्यावे? जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पळायला नि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला राजपुत्र हलता केला. १९८९ साली तो खेळ बाजारात आला. राजपुत्राची धाव खरी वाटते ती भावामुळे. ही गोष्ट वर्गात मीच कौतुकाने सांगितली होती. पण त्या भावाला आपण कशासाठी धावतो आहोत हे ठाऊक होते, आणि तो राजपुत्र झाला, राक्षस नव्हे. उलट, म्हातारेबुवांना आधी विचारले असते तर? आपल्याकडे कुणी बघते आहे हे कळले की माणूस चालत नाही, चालून दाखवतो. विचारावे तर चाल जाते. न विचारावे तर चोरी होते. कलेच्या धंद्यातली ही अडचण मिशी काढून झाकता येण्याजोगी नाही.

शिवाय असुरालाच लंगडे करायची बुद्धी पोराला कुणी दिली? आपणच. मंथरेला कुबड, आणि १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या महाभारतातला शकुनी लंगडत आलेला मी घरच्यांबरोबर बसून पाहिला आहे. व्यंग दिसले की दुष्टपणा शोधायचा, हे वळण पोराला आम्हीच लावले.

आणि त्याला बोलायला मी कोण? माझ्या पहिल्या कादंबरीत एक म्हातारी आहे. मुंबईला गेलेल्या आणि पत्र टाकायचे थांबलेल्या मुलासाठी ती रोज पान मांडते, मूठभर भात वाढते आणि मग त्या पानालाच रागे भरते. वाचकांना ती फार हसवून गेली. एका स्नेहसंमेलनात तो प्रवेश टाळ्या घेऊन गेला. ती माझी आत्या. मी तिला विचारले नव्हते. पुतणीकडून तिने पुस्तक वाचवून घेतले आणि मला एवढेच म्हणाली, “छान लिहिलंयस हो.” त्या दिवसापासून तिने पान मांडणे बंद केले. पुढे तीन वर्षे ती जगली. मी जेवायला गेलो की त्या रिकाम्या जागेकडे पाहण्याचे टाळीत असे. क्षमा मागायला हवी होती. पण कशाची मागू, हेच मला नीट ठरवता आले नाही, आणि मग ती गेली.

म्हणून मी पोराला म्हणालो, “चल, आजोबांना दाखवू.” तो घाबरला. खरे म्हणजे मीही घाबरलो होतो.

मधल्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आम्ही फाटकाशी गेलो. पोराने चाचरत सगळे सांगितले. म्हातारेबुवांनी हात धोतराला पुसले आणि पडद्याजवळ डोळे नेले. असुर उजवीकडे चालत गेला, कडेला पोचला, वळला आणि डावीकडे चालत आला. त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितले. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ते म्हणाले,

“मास्तरानू, ह्यो फिरलो काय ह्येचो पाय बदलता. माझो खंय बदलता?”

आम्ही दोघे पाहतच राहिलो. या कामातली ती एक जुनी पळवाट आहे. एका बाजूला चालणारी चित्रे काढायची आणि दुसऱ्या बाजूसाठी तीच आरशातल्यासारखी उलटी करून वापरायची. निम्मे श्रम वाचतात. धडधाकट माणसात ते कुणाला कळतही नाही. पण आमचा असुर जाताना उजव्या पायाने लंगडत होता नि येताना डाव्या! सव्वीस मुले आणि एक मास्तर पोट धरून हसले, त्यांतल्या एकालाही ते दिसले नव्हते.

म्हातारेबुवांना राग आला नाही. त्यामुळे माझा प्रश्न सुटला असे मात्र मी मानीत नाही. न रागावणे ही त्यांची थोरवी. ती आमच्या हिशेबात जमा धरता येत नाही. त्यांना काही वाटले असेल तर ते त्यांनी टोपलीच्या फडक्याखाली झाकले असेल, माझ्या आत्याने झाकले तसे.

पोराने मोबाइलमधले चित्रण त्यांच्यासमोरच पुसले. नरकासुराला त्याने मग साधे, जड पाऊल दिले. ती चाल आता त्याच्या खेळातल्या एका खाजेवाल्याची आहे. कृष्ण लढाईला निघण्यापूर्वी त्याच्याकडून खाजे घेतो. जातानाची आठ चित्रे होतीच. येतानाची आठ नव्याने काढायची होती. त्यातली पाच झाली आहेत. सहाव्यात कमरेचा हेलकावा जमत नाही, म्हणून तो मधल्या सुट्टीत वही घेऊन फाटकाशी जातो.

“आजोबानू, वायच चलून दाखवा,” तो म्हणतो.

“आधी खाजा घे,” ते म्हणतात.