खिडकीतून टाकलेला रुमाल



आपल्या भाषेत 'भरलेलं' हा शब्द मोठा शुभ आहे. भरलेलं घर, भरलेली ओटी, भरला संसार. पण जून-जुलैमध्ये एखाद्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. तिथल्या फळ्यावर हाच शब्द असतो आणि तो वाचून बापलेक गुपचूप माघारी वळतात. 'प्रथम वर्ष बी.एस्सी. : जागा भरल्या आहेत.'

मी 29 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेश समितीवर होतो. हे वाक्य मी स्वतःच्या हातानं फळ्यावर कितीदा तरी लिहिलंय. खरं सांगायचं तर दर वर्षी खडू हातात घेतला की मन जड व्हायचं. कारण ते वाक्य पूर्ण खरं नसतं, हे मला ठाऊक असायचं.

एका वर्षीची गोष्ट. प्रतीक्षा यादीत सातव्या क्रमांकावर असलेली एक मुलगी रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि ऑफिसच्या पायरीवर बसायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट, दाखला, दोन फोटो. अकरा वाजता खिडकीशी येऊन विचारायची, "सर, यादी हलली का?" नाही म्हटलं की परत पायरीवर. दोनच्या गाडीनं घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पिशवी, तोच प्रश्न. तिनं कधी आवाज चढवला नाही, कुणाची चिठ्ठी आणली नाही. चार दिवसांनी यादी दोननं हलली. मग तीन दिवस काहीच नाही.

आता या भरलेल्या जागा भरतात कशा, ते पाहा. एसटी स्टँडवर गाडी लागली की माणसं दाराशी जायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकतात. कुणी पिशवी टाकतं, कुणी टोपी. माणूस अजून खालीच असतो, पण जागा त्याची झालेली असते. आमच्या वर्गाचंही तसंच. बारावीचा निकाल लागला की बी.एस्सी.चे प्रवेश सगळ्यांत आधी सुरू होतात. अभियांत्रिकीच्या फेऱ्या नंतर, कृषीच्या त्यांच्या वेळापत्रकानं आणि वैद्यकीयच्या फेऱ्या तर पावसाळा सरेपर्यंत रेंगाळतात. मग मुलगा हुशार असो की बेताचा, आई-वडील म्हणतात, "आधी इथं नाव घालून ठेवू, पुढचं पुढं बघू." पहिला रुमाल आमच्या वर्गावर पडतो.

यात मी आई-वडिलांना दोष देत नाही. पोराचं वर्ष वाया जाईल ही भीती काय असते, ते मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. पुढची गाडी लागेल की नाही याची खात्री नसेल, तर माणूस मिळेल त्या गाडीत रुमाल टाकणारच. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. दुसऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली, गाडी सुटलीसुद्धा, आणि रुमाल मात्र पहिल्याच गाडीत राहिला. त्या आसनाशेजारी एखादी बाई तासभर दांडा धरून उभी आहे. हे मला सोसत नाही.

ही रिकामी जागा मी फार जवळून पाहिली आहे. आमच्या प्रयोगशाळेत एका तुकडीला वीस मुलं. वीस स्टुलं, वीस ब्युरेट. एका वर्षी तेरा नंबरचं स्टूल जुलैपासून मार्चपर्यंत रिकामं राहिलं. मुलगा दुसरीकडे शिकायला गेला होता, प्रवेश रद्द करायला कुणी आलं नाही. मी दर आठवड्याला हजेरी घेताना तेरा म्हणायचो आणि थांबायचो. शेजारच्या मुली त्या स्टुलावर आपल्या बॅगा ठेवायच्या. प्रयोगशाळेतला आमचा मदतनीस सवयीनं तेराव्या जागीही ब्युरेट लावून ठेवायचा आणि तास संपला की कोरडीच काढून ठेवायचा. त्या वर्षी प्रतीक्षा यादी तेवीस जणांची होती.

माझी भाची अमेरिकेत एम.एस.ला गेली, तेव्हा मला वाटलं, तिथं हा प्रश्न नसेल. पण तिथंही तेच. प्रवेश मिळाला तरी विषय मिळतोच असं नाही. नोंदणीची पाळी जुन्या विद्यार्थ्यांना आधी मिळते, नवीन मुलं पोहोचेपर्यंत चांगले विषय भरून गेलेले असतात. तिला हव्या त्या विषयाच्या प्रतीक्षा यादीत तिचा नंबर चौदावा. त्यातून परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावाच लागतो, तिच्या विद्यापीठात त्यासाठी नऊ क्रेडिट्स हवीत. म्हणून तिनं मनाविरुद्ध दुसरा एक विषय घेऊन ठेवला आणि प्राध्यापकांना मेल लिहिला. उत्तर आलं, पहिल्या तासापासून येऊन बस. ती जाऊन बसली. नाव यादीत नसताना गृहपाठ केला, टिपणं काढली. रोज रात्री फोन, "मामा, आज अकरावा." "मामा, आज सहावा." पहिल्या एक-दोन आठवड्यांत तिथं मुलं विषय घेतात, सोडतात, यादी हलत राहते. शेवटी तिला जागा मिळाली. त्या आनंदात तिनं जे सांगितलं, ते मला फार आवडलं. म्हणाली, "मामा, तो दुसरा विषय मी त्याच मिनिटाला सोडला. त्याला तिघं थांबले होते."

त्याच मिनिटाला. तिथं एक बटण दाबलं की जागा पुढच्याच्या नावावर जाते. आपल्याकडे अर्ज लिहा, पालकांची सही आणा, दाखला परत मागा, फीसाठी हेलपाटे घाला. त्यामुळे रद्द करायला येणंच लोक टाळतात. पैसे बुडाले असंच बहुतेक घरी धरून चालतात. ते तसं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून सगळी फी परत मिळायला हवी. उशीर होईल तशी ती 90, 80, 50 टक्के अशी उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायलाही त्यात मनाई आहे. ज्यांच्या घरी यंदा दोन ठिकाणी नाव घातलेलं मूल आहे, त्यांनी आज कॅलेंडरवर ती तारीख शोधावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता त्या पायरीवरच्या मुलीकडे येतो. प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. यादी हलत हलत तिचा नंबर पहिला आला होता आणि तिथंच अडला होता. बाहेर पावसाची झड. दोनची गाडी तिनं त्या दिवशी सोडली. साडेतीनच्या सुमारास एक मुलगा निथळत आत आला. कृषी महाविद्यालयात त्याचा प्रवेश पक्का झाला होता, तसा निरोप त्याला आदल्या संध्याकाळी आला होता. त्याचं गाव आमच्यापासून चाळीस किलोमीटर. तो फोन करून सांगू शकला असता, किंवा नुसता गप्प राहू शकला असता. पण अर्ज, वडिलांची सही, फीची पावती, सगळं शर्टाच्या आत धरून तो आला. मी अर्ज घेतला, शिक्का मारला. जाताना तो थांबला आणि म्हणाला, "सर, माझ्यामागं कुणी होतं का?"

मी म्हटलं, "आहे."

तो मान हलवून निघाला. पायरीवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला उतरायला वाट नव्हती, म्हणून ती जरा भिंतीकडे सरकली. तो तिच्या बाजूनं उतरून पावसात गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग मी खिडकीतून तिच्या नावानं हाक मारली.