गळती नेमकी कुठली थांबवायची?

भोसरी एमआयडीसीत ओतकामाचे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ‘लीक टेस्ट’ हे रोजचे काम आहे. मशीनिंग झालेला जॉब फिक्श्चरवर चढतो, त्याची सगळी तोंडे रबरी सीलने बंद होतात, आत दाबाची हवा सोडतात आणि जॉब पाण्याच्या टाकीत बुडवतात. ऑपरेटरची नजर पाण्यावर असते. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडा सुटला की त्या जागी खूण होते आणि पहिला प्रश्न येतो: हवा सीलजवळून सुटली, की धातूतूनच? सील झिजले असेल तर बदलून भागते. ओतकामातच पोरोसिटी, म्हणजे धातूत बारीक पोकळ्या, राहिली असेल, तर ओ-रिंग कितीदा बदलली तरी बुडबुडा थांबत नाही.

हाच प्रश्न व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, पॉडला लावला, तर तो पार धर्मविचारापर्यंत जातो.

पुन्हा भरता येणारा पॉड ही तशी साधी वस्तू. लहानशी टाकी, आत तापणारी कॉइल, तिच्याभोवती कापसाची वात, भरण्याच्या तोंडाला सिलिकॉनचे बूच आणि सांध्यांना ओ-रिंगा. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि सुगंध. टाकीच्या वरच्या भागातला हवेचा किंचित कमी दाब आणि वातीची ओढ या दोन गोष्टी तो द्रव जागेवर धरून ठेवतात. बूच नीट बसले नाही किंवा रिंगेला चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते आणि द्रव खाली उतरतो. काठोकाठ भरले, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवले, विमानात नेले, जोरात ओढले किंवा पातळ द्रव मोठ्या छिद्रांच्या कॉइलमध्ये घातला, तरी तेच होते. उपायही सरळ आहेत. वर थोडी हवा राहू द्यावी, नवी कॉइल बसवल्यावर वात भिजेपर्यंत काही मिनिटे थांबावे, पॉड उभा ठेवावा, झिजलेली रिंग आणि जळकी कॉइल बदलावी, नळीत साठलेले थेंब पुसून घ्यावेत. सांडलेला द्रव मात्र हलक्यात घेऊ नये. निकोटीन कातडीतून शरीरात जाते आणि लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते.

भारतात ही दुरुस्ती उघड्यावर होत नाही. 18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्राने ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा बाळगला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे चोरवाटेने आलेल्या पॉडला ना खात्रीचा सुटा भाग मिळतो, ना बाटलीवर लिहिलेल्या निकोटीनच्या प्रमाणाची कुणी हमी घेतो.

आता धर्मविचाराकडे वळू. गळतीचा सर्वांत बारकाईने विचार भारतात कुणी केला असेल, तर तो जैन तत्त्वज्ञांनी. त्यांच्या मते कर्म म्हणजे नुसता पापपुण्याचा हिशेब नाही. ते सूक्ष्म द्रव्य आहे आणि ते खरोखरच जीवात झिरपते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सात तत्त्वे आहेत: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष. कर्म आत येते तो आस्रव, ते चिकटते तो बंध, वाट बुजवणे हा संवर आणि आत साठलेले झडवून टाकणे ही निर्जरा. हे समजावताना परंपरेने गळक्या नावेचा दाखला दिला जातो. भोक न बुजवता पाणी उपसत बसणारा कधी मोकळा होत नाही. म्हणून या क्रमात संवर आधी आणि निर्जरा नंतर.

या नजरेने पाहिले तर पॉडला दोन गळत्या दिसतात. एक टाकीतून खिशात होणारी, दुसरी पॉडमधून माणसात होणारी. पहिली बुजवली की दुसरी अधिक सुरळीत चालते. दुरुस्ती जितकी चोख, तितके निकोटीन विनातक्रार आत जाते. भोसरीच्या भाषेत सांगायचे तर सील बदलले, पोरोसिटी तशीच राहिली.

मग दुरुस्तीच व्यर्थ म्हणायची का? तसे नाही. संवराच्या साधनांत पाच समित्या आहेत आणि त्यांतली एक आदान-निक्षेप समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यायची काळजी. तिचा मूळ हेतू सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये हा. घरात मूल असताना निकोटीन गळणारी वस्तू गादीवर टाकून देणे हा त्या शिस्तीचा उघड भंग आहे. बंधाच्या पाच कारणांत प्रमाद म्हणजे बेपर्वाई हेही एक कारण सांगितले आहे आणि तिची किंमत यंत्रयुगाने मोजली आहे. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत हवेतच फुटले, सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग थंडीत ताठरली होती. आधीच्या उड्डाणांतही रिंगा जळाल्याच्या खुणा सापडल्या होत्या आणि आदल्या रात्री अभियंत्यांनी उड्डाण नको म्हटले होते. गळतीची खूण दिसली होती. तिची सवय करून घेतली गेली.

त्याच पाच कारणांत अविरतीही आहे. व्रत घेऊन दार लावले नाही, तोवर ते उघडेच धरले जाते, त्या दिवशी काही केले नसले तरी. ‘आज एकही झुरका मारला नाही’ आणि ‘सोडले’ यांत जैन विचार मोठे अंतर मानतो. म्हणून जैन घरांत पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा संकल्प, घेतात. भोसरीच्या एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला देहू. इथल्या वारकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू-मटणाचा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागत नाही.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना व्हेपचा आधार घेऊ देते, कारण जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा त्यात अपाय कमी. जैन विचारात याला जागा आहे. साधूचे संपूर्ण महाव्रत वेगळे, गृहस्थाचे मर्यादित अणुव्रत वेगळे. भोक एकदम बुजत नसेल तर लहान तरी करावे. पण अणुव्रतालाही मर्यादा ठरवावी लागते. सिगारेट सुटली आणि निकोटीनचे प्रमाण महिन्यागणिक उतरत असेल, तर तो संवर. सिगारेट कधी न ओढलेल्या कॉलेजच्या पोराने फळांच्या चवीचा पॉड धरला, तर तो नवा आस्रव.

शिवाय महाराष्ट्राची मोठी गळती धुराची नाहीच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे आढळले आणि त्यांतले बहुतेक ती तोंडात धरणारे होते. राज्याने जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण चुना लावून मळलेली तंबाखू शिफ्टच्या सुटीत आजही हातोहात फिरते. तिला ना कॉइल लागते, ना ओ-रिंग.

पॉड गळतो म्हणून ज्याने तो उघडला आहे, त्याने बूच आणि रिंग जरूर तपासावी, हात साबणाने धुवावेत, बाटली मुलांपासून दूर कुलपात ठेवावी. त्याच बैठकीत सोडण्याची तारीखही ठरवावी आणि ती घरातल्या एका माणसाला सांगावी. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-112-356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पॉडवाल्याने आणि तंबाखूवाल्यानेही तिथे फोन करावा.