आवडल्याची ग्वाही

एखादी कलाकृती चांगली आहे असे म्हणणे आणि ती मला आवडली असे म्हणणे, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यासाठी युक्तिवाद लागतो, दुसऱ्यासाठी फक्त प्रामाणिकपणा. तरी आपल्या सुशिक्षित वर्गात दुसरे विधान करणेच अवघड होऊन बसले आहे. समीक्षकांनी नाकारलेले काही आवडले, तर माणूस गप्प बसतो किंवा 'टाइमपास म्हणून पाहिला' असे सांगून हात झटकतो.

माझ्यापुरते उदाहरण रोलंड एमरिक यांच्या १९९८ सालच्या 'गॉडझिला'चे. पॉलिनेशियातील फ्रेंच अणुचाचण्यांमुळे एका सरड्याचे अवाढव्य जनावर होते, ते समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला येते आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अंडी घालते, एवढीच गोष्ट. समीक्षकांनी चित्रपटाची सालटी काढली. रॉजर एबर्ट यांनी चारपैकी दीड तारा दिला. (दिग्दर्शकाने सूड आधीच उगवून ठेवला होता, चित्रपटातल्या गोंधळलेल्या महापौराचे नावच एबर्ट आहे.) वाईट चित्रपटांना दिले जाणारे रॅझी पुरस्कारही पदरात पडले. मूळ गॉडझिला निर्माण करणाऱ्या जपानच्या तोहो कंपनीने तर २००४ च्या आपल्या चित्रपटात या अमेरिकन प्राण्याला खऱ्या गॉडझिलाकडून काही क्षणांत मारून टाकले. इतकी सविस्तर नापसंती क्वचितच कुणाच्या वाट्याला येते.

समीक्षकांचे चुकले असे मी म्हणत नाही. पात्रे पोकळ आहेत, विनोद ओढूनताणून आणलेले आहेत, आणि एवढे धूड मॅनहटनच्या रस्त्यांत दिसेनासे कसे होते, याचे उत्तर कुणी देत नाही. पण धक्क्यावर गळ टाकून बसलेला तो म्हातारा, दोरीला बसलेला हिसका, आणि मग पाण्याचा डोंगर मागे लागलेला असताना त्याचे पळणे! शेवटी ब्रुकलिन पुलाच्या तारांत अडकून क्षेपणास्त्रांनी घायाळ झालेले जनावर, मंदावत जाणारे ठोके, मिटणारा डोळा, आणि त्यानंतर लोकांचा जल्लोष. त्या जल्लोषात मला सामील होता येत नाही. हे दिग्दर्शकाला साधले आहे.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अभिरुचीवरच्या १७५७ सालच्या निबंधात 'डॉन किहोटे'मधला एक किस्सा सांगितला आहे. दोन जाणकारांना पिंपातल्या मद्याची पारख करायला बोलावतात. (वाचकांनी सरबत समजावे.) एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. हा किस्सा तयार जिभेचे महत्त्व सांगण्यासाठी वापरला जातो. मला त्यातले दुसरेच काही मोलाचे वाटते. दोघांनीही आधी 'उत्तम आहे' असे सांगितले होते. त्यांची ग्वाही पुरी होती. आपण मात्र चामडे ओळखता आले की रसिक झालो, असे समजतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आवडत्या छंदावर निबंध लिहायला सांगितला की वह्यांमागून वह्यांत एकच उत्तर येते: मुतालआ, म्हणजे वाचन. ज्याच्या बोटांवर मांज्याचे काप ताजे आहेत, तोही वाचनच लिहितो. गुण कुठे आहेत हे त्याला ठाऊक असते. उद्या हा मुलगा साहित्यावर बोलू लागेल, तेव्हा त्याच्या पसंतीवर भरवसा कसा ठेवायचा? उर्दू तनकीदीतही हे झाले आहे. शेफ्तांनी आपल्या तजकिऱ्यात नजीर अकबराबादींना बाजारी ठरवले, आणि पुढे बराच काळ अदबी मैफलींत नजीर यांचे नाव घ्यायला लोक संकोचत राहिले. एमरिक यांचा सरडा उद्या नजीर ठरेल असा माझा दावा नाही. बहुधा ठरणार नाही. पण काळाने बाजू घेतली तरच आपली आवड खरी, हे मानणे म्हणजेही शरणागतीच.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो समीक्षकांच्या थट्टेपेक्षा जड आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. बोटीचा रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा पहिला गॉडझिला पडद्यावर आला. त्याच्या सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड होऊन एक जहाज जळते. जपानी प्रेक्षकांना तो उजेड ओळखीचा होता. १९९८ मध्ये हीच कथा अमेरिकेने सांगितली आणि दोष फ्रान्सवर टाकला. फ्रान्सने १९६६ ते १९९६ या काळात पॉलिनेशियात चाचण्या केल्या, हे खरेच आहे. पण अमेरिकेच्या राखेतून जन्मलेल्या कथेत अमेरिका फक्त बळी म्हणून उरते. ही चामड्याची चव नव्हे. इथे पिंपावरची चिठ्ठीच बदलली आहे.

कारागिरीतले दोष मी हसून सोडून देते, हा सोडता येत नाही. पण त्यासाठी मजा आलीच नव्हती असे सांगणे, म्हणजे एका खोट्यावर दुसरे रचणे होईल. अलीकडे मुलांच्या तोंडी २०२३ चा जपानी 'गॉडझिला मायनस वन' असतो. तो चांगलाच आहे, त्याला ऑस्करही मिळाले. त्याची तारीफ करायला काही लागत नाही. एखादा मुलगा मात्र हळूच १९९८ चा आवडल्याचे सांगतो, तेव्हा मी विचारते, नेमके काय आवडले? "तो डोळा, मिस." मग मी नकाशा उघडते आणि त्याला बिकिनी बेटे शोधायला लावते.